जाळं विणण्याआधी : तापमान ओळखणाऱ्या जेलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या जेलवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. लेख ज्यांच्या वाचनातून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात : चायना ग्रास थंड झाला की थिजतो, तापवला की पातळ होतो. पॉलि-एन-आयसोप्रोपिलॅक्रिलअमाइड, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतलं 'पीनिपाम', याच्या नेमकं उलट वागतं. गार पाण्यात ते सुखाने विरघळतं. पाणी ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या अंग चोरून घेतात आणि द्रावण गढूळ होतं. त्याच साखळ्या एकमेकींना बांधून जाळं केलं तर ते गारव्यात सब्ज्यासारखं फुगतं आणि उबेत पाणी सोडून आक्रसतं. या उंबरठ्याला पुढे आम्ही 'ढगाळबिंदू' म्हटलं आहे.

पीनिपामचं पाण्यातलं द्रावण कपाटात ठेवलं होतं. मे महिन्यात ते दुधासारखं पांढरं झालं. खराब झालं का? (अकोला)

नाही. तुमच्या खोलीचं तापमान ढगाळबिंदूच्या वर गेलं, एवढंच. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा पाण्यासारखी नितळ होईल. गार करून हलवल्यावरही नितळ झाली नाही तरच बुरशी, धूळ किंवा आपसांत जोडल्या गेलेल्या साखळ्यांचा संशय घ्यायचा.

यातला खरा धोका वेगळा आहे. विदर्भात उन्हाळ्यात 'खोलीच्या तापमानाला ढवळा' ही परदेशी कृतीतली ओळ जशीच्या तशी पाळता येत नाही. तिथली खोली २० ते २२ अंशांची असते, तुमची ४० ची. डायलिसिसची (लहान रेणू बाहेर सोडून पॉलिमर आत ठेवणारी) पिशवी टेबलावर राहिली तर पॉलिमर पिशवीतच गोळा होऊन बसतो आणि आतली अशुद्धी आतच अडकते. जेल बांधण्याचं काम त्या तापमानाला केलं तर जाळंच सदोष विणलं जातं. पीनिपामचं पाण्यातलं प्रत्येक काम बर्फाच्या टबात किंवा शीतखोलीत करायचं आणि तापमान वहीत लिहायचं.

आम्ही निपाम (पीनिपामचा सुटा घटक, म्हणजे मोनोमर), बिस (साखळ्यांना बांधणारा दुवा), अमोनियम परसल्फेट आणि टेमेड (अभिक्रिया सुरू करणारी जोडी) वापरून जेल करतो. कधी स्वच्छ येते, कधी पांढरट. मग राफ्ट (ठरावीक लांबीच्या साखळ्या करण्याची पद्धत) आणि क्लिक (त्या साखळ्या नंतर जोडण्याची पद्धत) यांचा खटाटोप कशासाठी? (एम.एस्सी. विद्यार्थी, कोल्हापूर)

आधी पांढरटपणाचं पाहू. १० मिलि पाण्यात १.१३ ग्रॅम निपाम, ३१ मिग्रॅ बिस, साधारण १५ मिग्रॅ परसल्फेट आणि २० मायक्रोलिटर टेमेड हे प्रमाण चांगलं चालतं. पण ही अभिक्रिया उष्णता सोडते. बर्फाच्या पाण्यात न ठेवता जाड नळीत केली तर मधला भाग ३२ अंश ओलांडतो, साखळ्या वाढता वाढताच आकसतात आणि ती गाठ तशीच कायमची बांधली जाते. पातळ साचा, बर्फाचं पाणी आणि आधी १५ ते २० मिनिटं नायट्रोजन, एवढं पाळलंत तर जेल स्वच्छ येईल. वर्गात दाखवण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, ती सोडू नका.

खटाटोप कशासाठी, तर या पद्धतीत साखळी वाढणं आणि जाळं विणणं एकाच वेळी होतं. एक साखळी किती लांब झाली आणि दोन गाठींमध्ये किती अंतर राहिलं, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. बिस निपामपेक्षा लवकर संपतं, त्यामुळे सुरुवातीला दाट गोळे तयार होतात आणि शेवटी विरळ धागे उरतात. जेल एकदा बांधली की ती कशातच विरघळत नाही. जी विरघळत नाही ती जीपीसीच्या (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून मोजणाऱ्या तंत्राच्या) स्तंभातून जाणार नाही, तिचा साधा एनएमआरही (रेणूची रचना दाखवणारा वर्णपट) नीट येणार नाही.

म्हणून दोन कामं वेगळी करायची. आधी ठरावीक लांबीच्या साखळ्या करायच्या, त्या मोजायच्या, स्वच्छ करायच्या आणि मगच बांधायच्या. पहिल्या कामाला राफ्ट : १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या रिझार्डो, मोआड आणि थांग यांच्या गटाने ही पद्धत मांडली. दुसऱ्या कामाला क्लिक : शार्पलेस, कोल्ब आणि फिन यांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली आणि २००२ मध्ये तांब्याच्या साहाय्याने अझाइड (तीन नायट्रोजनांचा गट) व अल्काइन (दोन कार्बनांमधला तिहेरी बंध) जोडण्याची कृती मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दिली. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मेल्डाल, शार्पलेस आणि बर्टोझी यांना मिळालं ते याच विषयासाठी.

राफ्टने अल्काइन असलेलं पीनिपाम करण्याची, वजनांसकट पूर्ण कृती द्याल का? आम्ही प्रोपार्जिल ॲक्रिलेट घालून पाहिलं, फ्लास्कमध्येच गोळा झाला. (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

गोळा होणारच होता. प्रोपार्जिल ॲक्रिलेटमधलं अल्काइन स्वतःही मुक्तमूलकाशी (साखळी वाढवणाऱ्या क्रियाशील टोकाशी) अभिक्रिया करतं, त्यामुळे ते दोन्ही टोकांनी साखळीत गुंततं. अल्काइन नंतर बसवा. आधी एन-ॲक्रिलॉक्सिसक्सिनिमाइड (पुढे 'नास') हा सक्रिय एस्टर साखळीत घाला आणि साखळी पूर्ण झाल्यावर त्याच्या जागी प्रोपार्जिल अमाइन बसवा.

साखळीत सुमारे १०० एकके, त्यांतली ५ टक्के नास, हे लक्ष्य धरून वजनं अशी : निपाम ४.३० ग्रॅम (३८ मिलिमोल), नास ०.३३८ ग्रॅम (२ मिलिमोल), राफ्ट अभिकर्मक डीडीमॅट ०.१४६ ग्रॅम (०.४० मिलिमोल), अभिक्रिया सुरू करणारं एआयबीएन ६.६ मिग्रॅ (०.०४ मिलिमोल), १,४-डायॉक्झेन २० मिलि. डीडीमॅट म्हणजे डोडेसिल शेपटीचा ट्रायथायोकार्बोनेट, पिवळा. त्याची ही पिवळी छटा पुढे फार उपयोगी पडते.

६.६ मिग्रॅ थेट तोलू नका. ६६ मिग्रॅ एआयबीएन १० मिलि डायॉक्झेनमध्ये विरघळवा आणि त्यातलं १ मिलि घ्या. एआयबीएन दुप्पट पडलं तर अभिक्रिया वेगाने होते, पण मेलेल्या, म्हणजे वाढ कायमची थांबलेल्या, साखळ्यांची संख्याही वाढते. इथे राफ्ट अभिकर्मक आणि एआयबीएन यांचं गुणोत्तर १० : १ आहे. ते ५ : १ पेक्षा खाली नेऊ नये असं आमचं मत.

निपाम गरम हेक्झेनमधून पुन्हा स्फटिकरूप करून घ्या. तो ६० ते ६३ अंशांना वितळतो. हेक्झेन उकळवत ठेवलं तर तळाशी तेलाचा थर दिसतो आणि अशुद्धी त्यातच राहते, म्हणून ५० च्या आसपास थांबा. एआयबीएन मिथेनॉलमधून, ४० च्या खाली. डायॉक्झेन उघडून बरेच महिने झाले असतील तर पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहा.

फ्लास्क बर्फात ठेवून ३० मिनिटं नायट्रोजन सोडा. सोय असेल तर गोठवा-खेचा-वितळवा हे चक्र तीनदा करा, ते जास्त खात्रीचं. मग ७० अंशांच्या तेलकुंडीत ५ ते ६ तास. दर तासाला सुईने दोन थेंब काढून एनएमआर करा : ५.६ पीपीएमला मोनोमरच्या दुहेरी बंधाचा एक हायड्रोजन दिसतो, तर ४.० च्या आसपास मोनोमर आणि पॉलिमर दोघांच्याही आयसोप्रोपिलचा. ४.० चं क्षेत्रफळ १.०० धरलं आणि ५.६ चं ०.१० आलं, तर रूपांतर ९० टक्के. तिथे फ्लास्क बर्फात घाला आणि झाकण उघडा. ९५ च्या पुढे ताणण्यात फायदा नाही. मोनोमर संपत आला की साखळ्या वाढण्याऐवजी एकमेकींवर आपटून मरतात. पहिल्या दोन तासांत काहीच हललं नाही तर ऑक्सिजन किंवा मोनोमरमधला अवरोधक शिल्लक आहे असं समजा, तापमान वाढवू नका.

९० टक्क्यांना साखळीचं अपेक्षित वस्तुमान : ८५.५ निपाम एककं गुणिले ११३.२, अधिक ४.५ नास एककं गुणिले १६९.१, अधिक डीडीमॅटचे ३६५. म्हणजे सुमारे १०,८००. द्रावण दहापट थंड डायएथिल ईथरमध्ये थेंबथेंब सोडा, पिवळसर भुकटी खाली बसेल. गाळा, पुन्हा थोड्या डायॉक्झेनमध्ये विरघळवून दुसऱ्यांदा ईथरमध्ये सोडा, निर्वातात वाळवा. जीपीसी डायमिथिलफॉर्मअमाइडमध्ये लिथियम ब्रोमाइड घालून करा. टीएचएफ या द्रावकात पीनिपाम स्तंभाला चिकटून चुकीचे आकडे देतं. विखुरण (साखळ्यांच्या लांबीतल्या फरकाचं माप) १.२ च्या आत हवं.

आता शेपूट, म्हणजे साखळीच्या टोकाला उरलेला राफ्ट अभिकर्मकाचा भाग. ट्रायथायोकार्बोनेट तसंच ठेवून प्रोपार्जिल अमाइन घातलं, तर अमाइन त्यालाही तोडतं, मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजनचा गट) उरतो, हवेत दोन थायॉल जुळतात आणि जीपीसीवर दुप्पट वस्तुमानाचा खांदा उगवतो. शिवाय थायॉल पुढे तांब्याला धरून बसतो. म्हणून आधी शेपूट काढा : ३ ग्रॅम पॉलिमर, ०.९ ग्रॅम एआयबीएन (साखळ्यांच्या वीसपट), ३० मिलि डायॉक्झेन, नायट्रोजनखाली ८० अंशांना ३ तास. नायट्रोजन वायू सुटतो, फ्लास्क बंद ठेवू नका. पिवळा रंग गेला की शेपूट गेली. ३१० नॅनोमीटरच्या पट्ट्यावरून खात्री करा आणि ईथरमध्ये अवक्षेपण करा.

मग हा पॉलिमर २० मिलि कोरड्या डायमिथिलफॉर्मअमाइडमध्ये, ०.२४ मिलि प्रोपार्जिल अमाइन, २५ अंशांच्या आत २४ तास. एनएमआरवर २.८ पीपीएमचं सक्सिनिमाइडचं रुंद शिखर नाहीसं व्हायला हवं. शेवटी ३,५०० वस्तुमानाच्या मर्यादेच्या पिशवीतून थंड पाण्यात तीन दिवस डायलिसिस आणि गोठवून वाळवणं. गोठवून वाळवायचं यंत्र नसेल तर पाण्यातलं द्रावण ५० अंशांना नेऊन गरम असतानाच सेंट्रिफ्यूज करा. पॉलिमर तळाशी बसतो, वरचं पाणी ओतून टाका, गार पाण्यात विरघळवून पुन्हा तेच. ढगाळबिंदू चाळणीसारखा वापरण्याचा हा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे.

अल्काइन असलेला पॉलिमर मिळाला, पेग-डायअझाइड (दोन्ही टोकांना अझाइड असलेली पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळी) घातलं, कॉपर सल्फेट आणि ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचा क्षार) घातलं. एकदा जेल झालीच नाही, एकदा खालती घट्ट गुठळी आणि वर पाणी. कुठे चुकतं? (ठाणे)

पत्रात तुम्ही एका साखळीवर सरासरी दोन अल्काइन असल्याचं लिहिलं आहे. जेल न होण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. सरासरी दोन म्हणजे प्रत्येकीवर दोन नव्हे. वाटणी यादृच्छिक असल्यामुळे अशा पॉलिमरमध्ये सुमारे ४० टक्के साखळ्यांवर शून्य किंवा एकच अल्काइन असतं. शून्यवाली जाळ्यात येतच नाही, एकवाली शेपटासारखी लोंबते. हिशेब केला तर या पॉलिमरला जेल व्हायला ७१ टक्के अभिक्रिया तरी पूर्ण व्हावी लागते, तीही अझाइड आणि अल्काइन तंतोतंत समान असतील तर. सरासरी साडेचार असेल तर ४७ टक्क्यांनाच जेल बांधते आणि निरुपयोगी साखळ्या ६ टक्क्यांवर येतात. म्हणून वरच्या कृतीत ५ टक्के नास ठेवलं आहे.

प्रमाण. त्या कृतीतल्या पॉलिमरच्या १०० मिग्रॅमध्ये सुमारे ४४ मायक्रोमोल अल्काइन असतं. २,००० वस्तुमानाचं पेग-डायअझाइड ४५ मिग्रॅ म्हणजे २२ मायक्रोमोल, दोन टोकं धरून ४४ मायक्रोमोल अझाइड. तराजूवर १० टक्के चूक झाली तर एका बाजूची टोकं रिकामी राहतात. पेग वर्षभर हवेत उघडं राहून ओलं झालं असेल तर आधी वाळवा. 'जास्त घातलं तर जास्त घट्ट' हे इथे लागू नाही. अझाइड दुप्पट झालं की प्रत्येक अल्काइनवर एकेक पेग लटकतं आणि जोडणीला कोणीच उरत नाही.

दोन्ही पॉलिमर ७ पीएचच्या १.१ मिलि फॉस्फेट बफरमध्ये बर्फावर विरघळवा. ट्रिस बफर वापरू नका, तो तांबं धरून ठेवतो. बफरातून १० मिनिटं नायट्रोजन सोडा. वेगळ्या कुपीत २० मिलिमोलर कॉपर सल्फेट (१० मिलिला ५० मिग्रॅ) ११० मायक्रोलिटर आणि १०० मिलिमोलर टीएचपीटीए (तांब्याला आधार देणारा रेणू) ११० मायक्रोलिटर एकत्र करा. हे मिश्रण आधी, मग पॉलिमर, आणि सोडियम ॲस्कॉर्बेट सगळ्यांत शेवटी. ॲस्कॉर्बेट त्याच दिवशी केलेलं हवं : ४० मिग्रॅ १ मिलिमध्ये, त्यातलं ११० मायक्रोलिटर. कालचं पिवळट झालेलं द्रावण म्हणजे अर्धं संपलेलं द्रावण.

गुठळी आणि वर पाणी, याला दोनच कारणं. एक, ॲस्कॉर्बेट एका जागी पडलं आणि मिसळण्याआधीच तिथे जाळं बांधलं गेलं. उपाय : सगळं ४ अंशांना ठेवा, ॲस्कॉर्बेट टाकताच पिपेटने पाच-सहा वेळा हळू वरखाली करा, बुडबुडे न आणता, आणि लगेच साच्यात ओता. तरी वेळ पुरत नसेल तर तांबं निम्मं करा. दोन, मिश्रण ३० अंशांच्या वर होतं. मग गार असतानाही जेल ढगाळ राहते. साचा १५ अंशांच्या आसपास ठेवून रात्रभर सोडावा.

एक नियंत्रण-प्रयोग प्रत्येक वेळी करायचा : सगळं तेच, फक्त पेगला अझाइड नसलेलं. ते बांधलं गेलं तर तुमची 'क्लिक जेल' क्लिकने झालेली नाही. तांबं आणि ऑक्सिजन मिळून दोन अल्काइनच एकमेकांना जोडतात, हे त्याचं कारण. तांबं, ॲस्कॉर्बेट आणि हवा एकत्र आले की मुक्तमूलकं तयार होऊन साखळ्या तुटतात ते वेगळंच. नायट्रोजनवर कंजुषी करू नका.

जेल बाहेर काढल्यावर फिकट निळी-हिरवी दिसेल. तांबं धरून बाहेर काढणाऱ्या ईडीटीएचं २० मिलिमोलर द्रावण, पीएच ७.५ ते ८, थंडीत, दिवसातून दोनदा बदलत तीन दिवस. मग साधं पाणी दोन दिवस. नंतर जेल वाळवून तोला. सुरुवातीच्या १४५ मिग्रॅपैकी १२३ मिग्रॅ राहिले तर जेलचा अंश ८५ टक्के. ७० च्या खाली आला तर बांधणीत नव्हे, आधीच्या पॉलिमरमध्ये चूक शोधा.

पेशींसोबत वापरायची आहे. ईडीटीएने धुतलं की तांब्याचा प्रश्न संपतो का? (औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापिका, नाशिक)

पेशी नंतर वर ठेवणार असाल तर धुणं बऱ्याचदा पुरतं, पण उरलेलं तांबं मोजून पाहा. पेशी जेल बांधली जाताना आतच असतील तर तांबं वापरू नका. त्यासाठी ताणलेल्या वलयाचं अल्काइन आहे. बर्टोझी यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की आठ कार्बनांच्या वलयात कोंबलेलं अल्काइन तांब्याशिवायच अझाइडला जोडलं जातं. आज बहुतेक जण डीबीसीओ हे अशाच वलयाचं अल्काइन वापरतात. प्रोपार्जिल अमाइनच्या जागी डीबीसीओ-अमाइन घाला, बाकी कृती तीच. डीबीसीओचा ३०९ नॅनोमीटरचा पट्टा अभिक्रिया होताना मावळतो, त्यामुळे काम कुठवर आलं ते वर्णपटमापीवर दिसतं.

दोन खड्डे सांभाळा. डीबीसीओ थायॉललाही धरतं, म्हणून राफ्टची शेपूट आधी गेलेली हवी. आणि ते जलद्वेषी असल्यामुळे ढगाळबिंदू खाली ओढतं. ५ टक्के फार होतं, २ ते ३ टक्क्यांवर थांबा आणि साखळी दीडपट लांब करा, म्हणजे साखळीमागे जागा तीन-चार राहतील.

पीनिपामचा कणा शरीरात विघटित होत नाही, हेही लक्षात असू द्या. ताटलीच्या पृष्ठभागावरचा त्याचा उपयोग मात्र पक्का आहे : टोकियोत ओकानो यांच्या गटाने १९९० पासून विकसित केलेल्या ताटल्यांवर पेशी ३७ अंशांना चिकटून वाढतात आणि २० अंशांना आणलं की एन्झाइमशिवाय अखंड पापुद्र्यासारख्या सुटतात.

ढगाळबिंदू ३२ वरून ३७ च्या वर न्यायचा आहे. (छत्रपती संभाजीनगर)

जलप्रेमी सहमोनोमर घाला. एन,एन-डायमिथिलॅक्रिलअमाइड १० मोल टक्क्यांपासून सुरू करा आणि मोजत वाढवा. ॲक्रिलिक आम्लही वर नेतं, पण ७.४ पीएचला ते प्रभारित असल्यामुळे संक्रमण पसरट होतं. आम्हाला ते या कामासाठी पसंत नाही. मोजायचं ते ज्या बफरमध्ये वापरणार त्याच बफरमध्ये : मीठ ढगाळबिंदू खाली आणतं, शुद्ध पाण्यातला आकडा कामाचा नाही. १० मिग्रॅ प्रति मिलिचं द्रावण, ५०० नॅनोमीटरचा प्रकाश, मिनिटाला १ अंश वाढ, आरपार जाणारा प्रकाश निम्मा झाला तो बिंदू.

पेग-डायअझाइड महाग पडतं. सोडियम अझाइड आणून स्वतः करावं का? (नागपूर)

अनुभवी मार्गदर्शक शेजारी उभा नसेल तर विकतचंच घ्या. अझाइडसाठी एक जुना हिशेब वापरतात : रेणूतले कार्बन आणि ऑक्सिजन मिळवा, नायट्रोजनने भागा. भागाकार ३ च्या वर हवा. २,००० च्या पेग-डायअझाइडमध्ये तो २२ च्या घरात येतो, म्हणून ते हाताळायला शांत आहे. ३-अझाइडोप्रोपेनॉलमध्ये तो १.३ आहे, ते सुकं, शुद्ध साठवणं म्हणजे संकट.

धोका तयार मालापेक्षा सोडियम अझाइडमध्ये आहे. आम्लाशी गाठ पडली तर विषारी आणि स्फोटक हायड्राझोइक आम्ल. डायक्लोरोमिथेनशी पडली तर डायअझाइडोमिथेन, तेही स्फोटक. बऱ्याच कृतींत शेवटी 'डायक्लोरोमिथेनने निष्कर्षण' असं सहज लिहिलेलं असतं, ती पायरी डायलिसिसने बदला. धातूचा चमचा नको, प्लॅस्टिकचा घ्या. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका : शिसं किंवा तांब्याच्या नळात साठणारे अझाइड महिन्यांनी प्लंबरच्या हातात फुटू शकतात.

ही जेल शेतात पाणी धरून ठेवायला चालेल का? (सोलापूर)

नाही. मे महिन्यात सोलापूरची वरची माती दुपारी ३२ अंशांच्या कितीतरी वर असते. नेमक्या त्या वेळी ही जेल सगळं पाणी सोडून देईल. शेतीसाठी मिळणारे हायड्रोजेल वेगळे, तापमानाकडे न पाहणारे असतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल त्यातलंच.

फ्रीजमध्ये पातळ आणि शरीरात घट्ट होणाऱ्या औषधी जेलमध्येही हेच असतं का? (सातारा)

नाही, बहुधा पोलोक्झामर ४०७ हे वेगळं पॉलिमर असतं. त्यात साखळ्या रासायनिक गाठींनी बांधलेल्या नसतात, उबेत त्यांचे गोळे एकमेकांत रचून बसतात, म्हणून थंड केलं की पुन्हा पातळ. १८ ते २० टक्के भुकटी ४ अंशांच्या पाण्यात हळूहळू भुरभुरवा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गरम पाण्यात टाकलीत तर गोळ्या होतात आणि त्या फुटता फुटत नाहीत. क्लिकने बांधलेली पीनिपाम जेल उबेत घट्ट 'होत' नाही, ती आधीच जेल असते आणि उबेत आक्रसते.

जेल ५० अंशांच्या पाण्यात टाकली तर बाहेरून पांढरी होते, वर फोड येतात आणि आक्रसायला कित्येक तास लागतात. (मडगाव, गोवा)

बाहेरचा थर आधी आकसून दाट कातडी बनतो आणि आतल्या पाण्याची वाट अडवतो. आतला दाब वाढला की फोड. पीनिपामची ही सर्वांत जुनी तक्रार आहे, आणि जाळं कितीही नीट विणलं तरी ती पूर्ण जात नाही.

जेल किती वेगाने फुगेल किंवा आक्रसेल ते तिच्या लहानात लहान मापाच्या वर्गावर ठरतं. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई होतो. ४ मिमीच्या चकतीऐवजी १ मिमीची केली तर सोळावा भाग. म्हणून रसायन बदलण्याआधी साचा बदला : दोन काचपट्ट्यांमध्ये १ मिमीची सिलिकॉन रबराची चौकट, चिमट्यांनी दाबून. काच आधी जलद्वेषी द्रावणाने पुसली नाही तर जेल तिला चिकटते आणि काढताना फाटते.

ते करूनही पुरेना तर पेग थोडं लांब घ्या, २,००० ऐवजी ४,००० चं, मोल तेवढेच ठेवून. जलप्रेमी पेग आक्रसलेल्या जाळ्यातही पाण्याला वाट ठेवतं. किंमत अशी, की जेल एकूणच कमी आक्रसते. मोजताना जेल थेट ५० ला टाकू नका. २५, ३०, ३२, ३४, ३६, ४० अशा पायऱ्यांनी न्या, प्रत्येक पायरीवर टिपकागदाने वरचं पाणी अलगद टिपून तोला, आणि लागोपाठ दोन वजनांत १ टक्क्याहून कमी फरक येईपर्यंत पुढची पायरी चढू नका. ३२ आणि ३४ या दोन पायऱ्यांना एकेक दिवस लागला तर नवल मानू नका.